सभा, दुभाष्या आणि अंतर

इ. स. १६३८ मध्ये बंगळूर शहाजी राजे भोसले यांच्याकडे आले आणि त्या नगरात एक बहुभाषिक दरबार उभा राहिला. जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात त्या दरबाराचे वर्णन आढळते. वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये संपादून प्रसिद्ध केला. जयराम बारा भाषांत रचना करण्याचे आपले सामर्थ्य सांगतो, आणि ग्रंथाच्या अखेरच्या भागातील नाना भाषांतील पद्ये त्याच्या म्हणण्यास आधार देतात. समस्या सभेत घातली जाई आणि तिची पूर्तीही सभेतच, सर्वांच्या देखत होई. बोलणारा, ऐकणारा आणि दोघांच्या भाषा जाणणारा हे तिघेही एका छताखाली असणे ही त्या बहुभाषिकतेची गृहीत अट होती. आज ही अटच शिथिल होत आहे. म्हणून तिचे मोल काय होते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

आधुनिक काळात १९४५-४६ च्या न्यूरेंबर्ग खटल्याने बोलण्याबरोबरच भाषांतर करण्याची पद्धत रूढ केली. भारताच्या लोकसभेत हिंदी व इंग्रजीपुरती ती १९६४ मध्ये आली. २०२५ च्या फेब्रुवारीत बोडो, डोगरी, मैथिली, मणिपुरी, संस्कृत व उर्दू या भाषांसाठीही सोय झाल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले. मराठी व कन्नड यांची सोय त्यापूर्वीच होती. या पद्धतीत दुभाषे सभागृहालगतच्या काचेच्या कक्षात बसतात व सभा पाहतात. दुभाष्यास सभेपासून दूर बसविण्याचे प्रयोग १९७६ मध्ये पॅरिस व नैरोबी आणि १९७८ मध्ये न्यूयॉर्क व ब्युनोस आयरिस यांच्या दरम्यान उपग्रहाच्या साहाय्याने झाले. १९९९ मध्ये जिनीव्हा येथे झालेल्या चाचणीत दूरस्थ कामात थकवा लवकर येतो व गुणवत्ता लवकर घसरते, असे आढळले. तथापि २०२० च्या साथीनंतर हा प्रयोग नित्याचा व्यवहार झाला.

दुभाष्यांची पहिली चिंता ध्वनीविषयी आहे. या कामासाठीचा आंतरराष्ट्रीय मानदंड १२५ ते १५,००० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी मागतो. जुन्या दूरध्वनीची कक्षा ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढीच असे. ‘स’, ‘श’ यांसारख्या घर्षक वर्णांची ओळख पटविणारा अंश बहुतांशी या मर्यादेच्या वर असतो. तो गाळला गेला की श्रोता संदर्भावरून शब्द भरून काढतो. परंतु दुभाष्या त्याच क्षणी स्वतःही बोलत असल्याने त्याला तेवढी उसंत नसते. तो आवाज वाढवितो, आणि अकस्मात आलेला कर्कश नाद कानास इजा करतो. कॅनडाच्या संसदेत हा प्रश्न इतका तीव्र झाला की २०२३ मध्ये कामगारविषयक यंत्रणेस हस्तक्षेप करावा लागला, आणि योग्य ध्वनिग्राहक न वापरणाऱ्या सदस्याचे भाषांतर न करण्याची भूमिका दुभाष्यांना घेता आली.

दुसरी चिंता दृष्टीविषयी आहे, आणि भाषाभ्यासकास ती अधिक विचारार्ह वाटावी. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद अटळ आहे. पहिल्यात श्रोता वगळला जातो, दुसऱ्यात सामावला जातो. आधुनिक प्रमाण कन्नडात दोन्हींसाठी ‘नावु’ हे एकच रूप आहे. बंगळूरच्या ‘नम्म मेट्रो’स मराठीत ‘आमची’ म्हणावे की ‘आपली’, हे सांगणारा कोण व ऐकणारा कोण यावर ठरते. सभागृहात वक्त्याची नजर कोणत्या बाकांकडे वळली, हात स्वतःकडे गेला की समोरच्यांकडे पसरला, यावरून दुभाष्या हा निर्णय निमिषात घेतो. पडद्यावर मात्र केवळ चेहरा असतो; बाके नसतात. सीमाप्रश्नावरील चर्चेत ‘आपली भूमी’च्या जागी ‘आमची भूमी’ आले, तर जोडू पाहणारे वाक्य तोडणारे होईल, आणि तो दोष वक्त्याच्या माथी जाईल.

हे उदाहरण काल्पनिक असले, तरी त्यामागील परिस्थिती काल्पनिक नाही. म्हैसूर, व १९७३ च्या नामांतरानंतर कर्नाटक, विधानसभेत बेळगाव भागातील मराठी भाषक प्रतिनिधी अनेकदा निवडून आले. २०१३ मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन सदस्य होते. २०१८ व २०२३ मध्ये एकही निवडून आला नाही. राज्याच्या भाषेत अथवा हिंदी-इंग्रजीत पुरेसे व्यक्त होऊ न शकणाऱ्या सदस्यास मातृभाषेत बोलू देण्याचा अधिकार संविधानाचा २१० वा अनुच्छेद अध्यक्षांस देतो; ते बोलणे इतरांस कसे कळावे, याविषयी मात्र तो मौन बाळगतो. बोलण्याची अनुज्ञा आणि ऐकले जाण्याची शाश्वती यांतील हे अंतर दुभाष्यानेच भरून काढावयाचे असते.

दूरस्थ पद्धतीचे लाभ नाकारता येणार नाहीत. बंगळूरच्या एखाद्या साहित्यिक परिसंवादास बोडो वा संथाळीचा दुभाष्या त्या नगरात मिळेलच असे नाही; दूरवरून तो मिळत असेल, तर त्या भाषेस प्रथमच सभेत स्थान मिळते. आक्षेप आहे तो सोय हीच व्यवस्था मानण्यावर. दुभाष्यांनी आपापल्या घरी एकट्याने न बसता एका सुसज्ज केंद्रात जोडीने काम करावे, पाळ्या आखूड असाव्यात, सभागृहाचे समग्र दृश्य त्यांना दिसावे आणि ध्वनी अपुरा असल्यास तसे जाहीर करून थांबण्याचा अधिकार त्यांना असावा, एवढ्या अटी तरी किमान ठरतात.

या अटी दुभाष्यांच्या हितापुरत्या नाहीत. भाषांतर वारंवार तुटू लागले की वक्ता दुभाष्यास दोष देत बसत नाही. तो आपली भाषा सोडून इंग्रजीकडे वळतो. असे वळणे प्रथम त्याच भाषांच्या वाट्यास येते, ज्यांचे सभागृहातील स्थान आधीच दुर्बळ असते. तेव्हा कागदोपत्री बहुभाषिक असलेली संस्था व्यवहारात एकभाषिक होते, आणि ते घडल्याची नोंदही कोठे होत नाही. जयरामाच्या सभेत अनेक भाषा नांदल्या, त्या कवीच्या प्रतिभेइतक्याच ऐकणाऱ्यांच्या सान्निध्यामुळे. दूरस्थ व्यवस्थेला ते सान्निध्य जितके राखता येईल, तितकीच ती बहुभाषिक म्हणविण्यास पात्र ठरेल.