फिरत्या पट्ट्यावरील भोजन

जपानमधील ओसाकाजवळ शिराइशी योशिआकी यांचे उपाहारगृह होते. गिऱ्हाइके पुष्कळ, वाढपी मात्र थोडे, ही त्यांची अडचण होती. बिअरच्या कारखान्यात फिरत्या पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना एक युक्ती सुचली. १९५८ साली त्यांच्याकडे ‘सुशी’च्या बशा पट्ट्यावरून गिऱ्हाइकांपुढे येऊ लागल्या.

१९९७ साली लंडनच्या सोहो भागात असेच एक सुशीगृह निघाले. पाहुण्यांनी पट्ट्यालगत बसावे, हवी ती बशी उचलावी. शेवटी बशांच्या रंगांवरून हिशेब होई.

सुशी म्हणजे शिरका, मीठ व साखर घातलेल्या भाताचा लहानसा मुटका. त्यावर पुष्कळदा कच्च्या माशाचा पातळ काप. कच्च्या माशात कृमी असू शकतात. म्हणून युरोपीय संघाच्या नियमानुसार असे बहुतेक मासे आधी उणे २० अंश सेल्सिअसवर निदान २४ तास गोठवावे लागतात.

नवखा पाहुणा काड्यांशी झगडतो. परंतु सुशी हाताने खाणे जपानातही शिष्टसंमत आहे! परक्या ताटाला नाक मुरडण्यापूर्वी त्यामागील रीत समजून घ्यावी, हेच सुजाण पाहुण्यास शोभते.