समांगी आकृतींची भूमिती : एक ओळख

कला शाखेच्या वार्षिकांकात गणितावरील लेख पाहून काही वाचक पान उलटतील याची मला कल्पना आहे. बी. ए. ला गणित हा ऐच्छिक विषय घेतल्यापासून "याचा पुढे उपयोग काय?" हा प्रश्न मी मित्रांकडून, नातेवाइकांकडून आणि एकदा तर बिलोलीच्या बसस्थानकावर एका अनोळखी गृहस्थांकडूनही ऐकला आहे. आमच्या वर्गात आम्ही चौघेच आहोत. पुढील वर्षी तेवढे तरी येतील की नाही, ही चिंता आमच्या सरांना आहे, तशी आम्हालाही आहे. म्हणून या विषयातील मला अतिशय आवडलेली एक गोष्ट, सूत्रांचे ओझे शक्य तितके कमी ठेवून, वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

समांगी म्हणजे काय?

एक काचेची गोटी आणि एक अंडे समोर ठेवा. डोळे मिटा, आणि मित्राला गोटी फिरवून ठेवावयास सांगा. गोटीवर डाग नसेल तर डोळे उघडल्यावर ती फिरवली की नाही हे तुम्हाला सांगता येणार नाही. तिच्या पृष्ठभागावरील कोणताही बिंदू फिरवून दुसऱ्या कोणत्याही बिंदूच्या जागी आणता येतो. अंड्याचे तसे नाही. त्याचे निमुळते टोक ते निमुळते टोकच. ते पोटाच्या जागी आणून अंडे पूर्वीसारखे दिसेल, असे कधीच होणार नाही. गोटीचा पृष्ठभाग समांगी आहे, अंड्याचा नाही.

बीजगणिती समीकरणांनी ठरणाऱ्या आकृतींचा अभ्यास म्हणजे बैजिक भूमिती. अशा आकृतीचा कोणताही बिंदू दुसऱ्या कोणत्याही बिंदूवर नेणारा, आकृती जशीच्या तशी ठेवणारा हालचालींचा गट असेल, तर तिला समांगी आकृती म्हणतात. यातून एक निष्कर्ष ताबडतोब निघतो. प्रत्येक बैजिक आकृतीवर निदान एक बिंदू तरी गुळगुळीत असतो, असे प्रमेय आहे. समांगी आकृतीत सारे बिंदू सारखे; तेव्हा एक गुळगुळीत असेल तर सारेच गुळगुळीत असले पाहिजेत. समांगी आकृतीला कोठेही टोक, घडी किंवा खाच असू शकत नाही.

गणिती अशा आकृतीला 'जी भागिले पी' असे लिहितात. जी म्हणजे सर्व हालचालींचा गट आणि पी म्हणजे एक ठराविक बिंदू जागचा न हलविणाऱ्या हालचाली. गोटीचा माथा धरून ती भोवऱ्यासारखी फिरवली तर माथा हलत नाही. या झाल्या पी मधील हालचाली. ज्या हालचाली माथ्याला एकाच ठिकाणी नेतात त्या एकच मानल्या, की जितके बिंदू तितक्या हालचाली उरतात. म्हणजे आकृती हातात नसली तरी केवळ हालचालींवरून ती पुन्हा उभी करता येते.

रेषांचे जग

आता गोटी बाजूला ठेवू आणि आपल्या त्रिमितीय अवकाशातील सर्व सरळ रेषांचा विचार करू. कोणतीही रेषा हलवून दुसऱ्या कोणत्याही रेषेवर नेता येते. तेव्हा प्रत्येक रेषेला एक बिंदू मानले, तर त्या साऱ्यांची मिळून एक समांगी आकृती होते. ती चार मितींची आहे. तिला ग्रासमन यांचे नाव दिलेले आहे.

हे हर्मान ग्रासमन (१८०९-१८७७) प्रशियातील श्टेटिन या गावी शाळामास्तर होते. १८४४ मध्ये त्यांनी अनेक मितींच्या भूमितीवर ग्रंथ लिहिला. तो फारसा कोणी वाचला नाही. उरलेल्या प्रती पुढे रद्दीत गेल्या. विद्यापीठातील प्राध्यापकपद त्यांना अखेरपर्यंत लाभले नाही. तेव्हा हा गृहस्थ संस्कृतकडे वळला, ऋग्वेदाचा मोठा कोश रचला आणि ऋग्वेदाचे जर्मन भाषांतर केले. भाषाभ्यासकांत त्यांचे नाव झाले ते या कामामुळे. कला आणि गणित यांच्यामध्ये भिंत आहे असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

ध्वज आणि सहा वर्ग

दर वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपण पटांगणात ध्वजवंदनाला उभे राहतो. त्या ध्वजाकडे भूमितीच्या दृष्टीने पाहा. काठीचे टोक हा एक बिंदू, काठी ही त्या बिंदूतून जाणारी रेषा, आणि कापड हे त्या रेषेला धरून असलेले प्रतल. बिंदू रेषेत, रेषा प्रतलात. या तिघांच्या जोडणीला गणितातही ध्वज असेच म्हणतात.

असा एक ध्वज रोवला की अवकाशातील सर्व रेषांचे सहा वर्ग पडतात : (१) खुद्द काठीची रेषा, (२) टोकातून जाणाऱ्या व कापडाच्या प्रतलात असलेल्या इतर रेषा, (३) टोकातून जाणाऱ्या पण प्रतलाबाहेरच्या, (४) प्रतलात असलेल्या पण टोकातून न जाणाऱ्या, (५) काठीला टोकाखेरीज अन्यत्र छेदणाऱ्या व प्रतलाबाहेरच्या, (६) काठीला मुळीच न छेदणाऱ्या. येथे समांतर रेषा अनंतस्थ बिंदूत मिळतात असे धरले आहे, म्हणजे एका प्रतलातील कोणत्याही दोन रेषा एकमेकींना छेदतातच.

वर्गीकरण बरोबर आहे की नाही याचा पडताळा घेता येतो. केवळ ० आणि १ या दोनच संख्या असलेल्या (१ + १ = ०) अंकगणितावर हीच भूमिती उभारली, तर अवकाशात १५ बिंदू आणि ३५ रेषा येतात. वरील सहा वर्गांत अनुक्रमे १, २, ४, ४, ८ आणि १६ रेषा पडतात. बेरीज बरोबर ३५.

काठीला छेदणाऱ्या सर्व रेषा (काठी धरून) घेतल्या, म्हणजे पहिले पाच वर्ग एकत्र केले, की मोठ्या आकृतीच्या पोटात तीन मितींची एक लहान आकृती मिळते. अशा उपआकृतींना शूबर्ट यांचे नाव आहे. गंमत अशी, की मोठी आकृती सर्वत्र गुळगुळीत असूनही या लहान आकृतीला मात्र एक टोक आहे, आणि ते टोक म्हणजे खुद्द काठीची रेषा! समानतेच्या राज्यात एक ध्वज रोवला, आणि विषमता आली.

चार रेषांचा प्रश्न

हर्मान शूबर्ट (१८४८-१९११) हेही शाळेतच शिकवीत, हँबुर्गला. १८७९ च्या त्यांच्या ग्रंथाच्या पद्धतीने सोडवता येणारा एक प्रश्न पाहू : अवकाशात कशाही चार रेषा दिल्या, तर त्या चारींना छेदणाऱ्या रेषा किती?

शूबर्ट म्हणतात, दिलेल्या रेषा सोयीच्या जागी सरकवा. पहिल्या दोन एकमेकींना अ बिंदूत छेदतील अशा ठेवा आणि उरलेल्या दोन ब बिंदूत. आता पहिल्या दोघींना छेदणारी रेषा एकतर अ मधून जाईल किंवा त्या दोघींच्या प्रतलात असेल. दुसऱ्या जोडीचेही तसेच. अ आणि ब यांना जोडणारी रेषा एक. दोन्ही प्रतले जेथे छेदतात ती रेषा दुसरी. अ मधून जाऊन ब च्या प्रतलात असणारी रेषा संभवत नाही, कारण अ त्या प्रतलात नाही. उलट बाजूनेही तेच. म्हणून उत्तर दोन. (संमिश्र संख्या धरल्या तर नेहमी दोन, प्रत्यक्ष अवकाशात कधी दोन, कधी एकही नाही.)

उत्तर बरोबर आहे. परंतु रेषा सरकविल्याने मोजणी बदलत नाही, याला आधार काय? १९०० मध्ये डाव्हिड हिल्बर्ट यांनी नव्या शतकासाठी जे २३ प्रश्न मांडले, त्यांतील पंधरावा प्रश्न हाच होता : शूबर्ट यांच्या गणनेला पक्का पाया द्या. १९७४ मध्ये स्टीव्हन क्लायमन यांनी दाखविले, की सरकविण्याची मुभा आकृतीच्या समांगीपणातून मिळते. अंड्यावर हे चालले नसते.

मुंबईतील काम

येथून पुढची गोष्ट आपल्या महाराष्ट्रात घडली. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी. एस. शेषाद्री (१९३२-२०२०) हे १९५३ मध्ये दाखल झाले. १९७८ मध्ये त्यांनी 'जी भागिले पी ची भूमिती' या लेखमालेतील पहिला लेख प्रसिद्ध केला. पुढील लेखांत त्यांचे विद्यार्थी सी. मुसिली आणि व्ही. लक्ष्मीबाई हे सहभागी होते.

त्यांचा प्रश्न समजण्यासाठी थोडे आकडे पाहू. एक रेषा दाखविण्यास चार-चार संख्यांच्या दोन ओळी लागतात. समजा, (१, २, ०, १) आणि (०, १, ३, २). यांतून दोन-दोन स्तंभ घेऊन निश्चयक काढले की सहा संख्या मिळतात : प१२ = १, प१३ = ३, प१४ = २, प२३ = ६, प२४ = ३, प३४ = -३. या सहा स्वतंत्र नाहीत. त्यांच्यात नेहमी एक नाते असते :

प१२ × प३४ - प१३ × प२४ + प१४ × प२३ = ०.

येथे -३ - ९ + १२ = ०. वाचकांनी स्वतःच्या ओळी घेऊन करून पाहावे.

आता गुणाकारातील अंक एकाखाली एक मांडा. १३ च्या खाली २४ लिहिले तर वरचा प्रत्येक अंक खालच्याहून मोठा नाही. ही मांडणी प्रमाण. १४ च्या खाली २३ लिहिले तर ४ खाली ३ येतो. ही अप्रमाण. वरील नात्याने अप्रमाण गुणाकार काढून टाकून त्या जागी प्रमाण गुणाकार लिहिता येतात. सहा अक्षरांतून दोन-दोनांचे २१ गुणाकार होतात. त्यांतील हा एकच अप्रमाण, म्हणून २० उरतात. रेषांच्या आकृतीवरील दुसऱ्या घाताच्या सर्व राशी या २० मध्ये, आणि प्रत्येक एकाच प्रकारे, लिहिता येतात. ब्रिटिश गणिती हॉज यांनी १९४० च्या दशकात ग्रासमन यांच्या आकृतींसाठी हे केले होते. मुंबईच्या गणितींनी ते सर्व प्रकारच्या समांगी आकृतींकडे नेण्याचा मार्ग आखला. त्यांच्या अटकळी पुढे १९९० च्या दशकात जर्मन गणिती पीटर लिटलमन यांनी पूर्ण केल्या.

या वाटेवर एक अपघातही झाला. शूबर्ट आकृतींवरील राशी मोजण्याचे सूत्र फ्रेंच गणिती दमाझूर यांनी १९७४ मध्ये सिद्धतेसह दिले होते. १९८३ मध्ये व्हिक्टर काट्स यांच्या लक्षात आले की सिद्धतेतील एक पायरी निसटलेली आहे. नऊ वर्षे जे पक्के समजले ते अधांतरी झाले. सूत्र खरे असेलही, पण गणितात 'असेलही' चालत नाही. ही खाच भरण्यात मुंबईच्या शेषाद्री, व्ही. बी. मेहता, एस. रामनन आणि ए. रामनाथन यांचा मोठा वाटा आहे. मेहता व रामनाथन यांच्या १९८५ मधील पद्धतीचे मूळ तर शाळकरी पोराच्या चुकीसारखे दिसते : (अ + ब)² = अ² + ब². आठवीत असे लिहून मी गुण गमावले होते. परंतु जेथे २ म्हणजे ०, त्या अंकगणितात २अब नाहीसे होते आणि हीच ओळ खरी ठरते. ३, ५, ७ अशा प्रत्येक मूळ संख्येसाठी असेच अंकगणित असते. तेथे हे तत्त्व वापरून सिद्ध केलेली गोष्ट आपल्या नेहमीच्या संख्यांपर्यंत आणता येते.

शेवटी एका मराठी गणितीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. श्रीराम अभ्यंकर (१९३०-२०१२) अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात होते. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. वर आपण अंकांची जी मांडणी केली तिला यंग यांचे कोष्टक म्हणतात. अशा कोष्टकांच्या मोजणीवर अभ्यंकरांनी १९८८ मध्ये संपूर्ण ग्रंथ लिहिला. ज्यांच्या नावाचे हे कोष्टक, ते आल्फ्रेड यंग इंग्लंडमधील एका खेड्यात चर्चचे धर्मगुरू होते. शाळेतील बीजगणित हेच खरे बीजगणित, असा अभ्यंकरांचा आग्रह असे. वरील उदाहरणात आपण शाळेतल्या गुणाकार-वजाबाकीपलीकडे काय वापरले?

बसस्थानकावरील त्या गृहस्थांना त्या दिवशी मी काही उत्तर देऊ शकलो नाही. आज विचारले तर म्हणेन : काका, दोन शाळामास्तर आणि एक धर्मगुरू, यांपैकी कोणालाही उपयोग आधी दिसला नव्हता, त्यांना प्रश्न दिसला होता. मुंबईत काय, श्टेटिनला काय किंवा मांजरेच्या काठी काय, त्या सहा संख्यांतील नाते तेच येते. माझी वही त्याला साक्ष आहे. पुढील वर्षी प्रथम वर्षाला येणाऱ्या मित्रांनी विषय निवडण्यापूर्वी एका संध्याकाळी चार-चार संख्यांच्या दोन ओळी मांडून ते पाहावे, आणि मग अर्ज भरावा, एवढीच विनंती.