मेकॅनिकलसोबत जपानी : दोन विषय एकत्र शिकताना कळलेल्या आठ गोष्टी

2009 साली पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला आणि त्याच वर्षी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, जपानीच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं. सॅकमध्ये मिनी ड्राफ्टर आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेली चौकटींची वही शेजारीशेजारी असायची. पहिली-दुसरीतली मुलं अंकगणितासाठी वापरतात तीच ती वही. कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपीतली अक्षरं, गिरवायला तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही.

आज मी कारखान्यांसाठी जपानी-मराठी-इंग्रजी तांत्रिक अनुवाद करते. इंजिनिअरिंग, कॉमर्स, फार्मसीची मुलं मला विचारतात, सोबत एखादी भाषा झेपेल का? झेपते. पण कशी झेपते, हे मला बरंच उशिरा कळलं. तेच इथे सांगते.

1. कारण स्वतःचं हवं

आमच्या पहिल्या वर्गात बसायला जागा नव्हती. संक्रांतीपर्यंत बाकं निम्मी रिकामी झाली. गेलेल्यांपैकी बहुतेकांना कोणीतरी सांगितलेलं होतं की जपानी केलं की नोकरी पक्की. ते खोटं नव्हतं. पण थंडीत पहाटे उठून 'सलग दहा वेळा लिही' म्हणणाऱ्या वहीसमोर बसायला दुसऱ्यानं दिलेलं कारण पुरत नाही. माझं कारण साधं होतं. लहानपणी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात बाबा न्यायचे. ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ती बाग केली आहे. तिथल्या पाट्यांवरची अक्षरं मला वाचता यावीत, एवढंच मला हवं होतं. लहान का असेना, पण ते कारण माझं होतं, आणि ते चार वर्षं टिकलं.

2. रोज चाळीस मिनिटं, सुट्टी नाही

इंजिनिअरिंगचा अभ्यास पी.एल.मध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या सुट्टीत, रात्री जागून रेटता येतो. भाषेचा येत नाही. जपानीत दैनंदिन वापरासाठी ठरवलेल्या कांजींची सरकारी यादीच 2,136 अक्षरांची आहे. ती एका रात्रीत कोणाच्याही डोक्यात शिरत नाहीत, आणि शिरली तरी आठवड्यात निघून जातात.

त्यात परीक्षांची अडचण. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, आणि विद्यापीठाचे इंजिनिअरिंगचे पेपरही नेमके तेव्हाच. तिसऱ्या वर्षी रविवारी जपानीची परीक्षा दिली आणि दोन दिवसांनी थिअरी ऑफ मशिन्सचा पेपर. ते निभावलं ते फक्त जूनपासून रोज घातलेल्या चाळीस मिनिटांमुळे. सबमिशनच्या आठवड्यातही मी ती वीसवर आणायची, शून्यावर कधीच नाही. एक दिवस चुकला की दुसरा चुकायला कारण लागत नाही.

3. परकी भाषा मराठीच्या अंगणातून गाठा

ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर माझं वर्ष वाचलं असतं. आमच्या पुस्तकातलं व्याकरण इंग्रजीत समजावलेलं होतं, म्हणून मीही मनात इंग्रजीतून जपानीकडे जायची. वाक्य उलटंसुलटं व्हायचं. एके दिवशी आमच्या बाई म्हणाल्या, "इंग्रजी बाजूला ठेवा, मराठीत ऐका." आणि फळ्यावर लिहिलं: 'ताबेते मिरु', खाऊन बघणे. 'शिते ओकु', करून ठेवणे. 'मोत्ते कुरु', घेऊन येणे. 'शिते आगेरु', करून देणे.

शब्दाला शब्द लागत होता. बघणे, ठेवणे, येणे, देणे ही क्रियापदं आपण जशी दुसऱ्या क्रियापदाला जोडतो, जपानी माणूसही तशीच जोडतो. दोन्हींत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागे लागतात, तसेच त्यांचे निपात.

वर्णमालेचीही हीच गोष्ट. जपानी काना अक्षरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीतून संस्कृतचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम तिकडे रुजला. 'ह' हा 'म'च्या आधी का, तर त्याचा उच्चार पूर्वी 'प' होता. आपल्या वर्णमालेतही 'प'वर्ग 'त'वर्गानंतरच येतो आणि 'म'नं संपतो. हे कळलं त्या संध्याकाळी मी तो तक्ता आजीला दाखवला. तिनं बोट ठेवून ओळी म्हटल्या आणि तिला जागा सापडत गेल्या.

तुमची भाषा फ्रेंच असो, जर्मन असो वा रशियन, आधी मराठीत काय आहे ते नीट पाहा. लिंगभेद, विभक्ती, आदरार्थी रूपं यांतलं पुष्कळ काही आपल्याला घरूनच मिळालेलं असतं.

4. दोन वह्यांमधली भिंत काढा

दीड वर्ष मी दोन्ही विषय वेगळे ठेवले. सकाळी जपानी, दुपारी मशीन डिझाइन. मग वर्कशॉपमध्ये एक खेळ सुरू केला. जपानीत वस्तूच्या आकाराप्रमाणे मोजण्याचे प्रत्यय बदलतात. पत्रे मोजताना इचिमाई, निमाई, सानमाई. सळया मोजताना इप्पोन, निहोन, सानबोन. लेथ मोजताना इचिदाई, निदाई. पुस्तकात रटाळ वाटणारा तो तक्ता एका टर्ममध्ये तोंडपाठ झाला, कारण समोर खरे पत्रे आणि खऱ्या सळया होत्या.

त्यानंतर भिंत दुसऱ्या बाजूनंही पडली. प्रॉडक्शनच्या पुस्तकात 'जिदोका' हा टोयोटाच्या उत्पादन पद्धतीतला शब्द होता. अर्थ दिला होता 'ऑटोमेशन', आणि तो पाठ करून मी पुढे गेले होते. पुढे कांजीत तो शब्द पाहिला. नेहमीच्या स्वयंचलनाच्या शब्दात मधलं अक्षर 'हलणे' असं आहे. टोयोटानं त्या अक्षराच्या डावीकडे माणसाचं चिन्ह जोडलेलं अक्षर घेतलं, आणि माणूस जोडला की त्या अक्षराचा अर्थ 'काम करणे' होतो. म्हणजे नुसतं हलणारं यंत्र नको, माणसासारखी जाण असलेलं यंत्र हवं. साकिची तोयोदा यांचा 1924 चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, सदोष कापड विणत राहायचा नाही. ही सगळी कल्पना त्या एका जोडलेल्या चिन्हात आहे. पुस्तकातल्या 'ऑटोमेशन'मध्ये ती नव्हती.

तसाच 'फाइव्ह एस', म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीतल्या पाच शब्दांपैकी शेवटचा, 'शित्सुके'. चाकणच्या कारखान्यांत भिंतीवर त्याचं भाषांतर 'शिस्त' असं दिसतं. त्याच्या कांजीत दोन भाग आहेत: देह आणि सुंदर. मुलांना रीतभात लावणं, हा त्याचा रोजचा अर्थ. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: वळण. शिस्त बाहेरून लागते, वळण अंगात मुरतं. मी अनुवादात आता 'वळण' लिहिते, आणि कामगारांना ते चटकन कळतं.

माझ्या दोन विषयांचं खरं मोल मला इथे समजलं. जपानीमुळे मी इंजिनिअरिंग अधिक खोल वाचलं आणि इंजिनिअरिंगमुळे जपानी खऱ्या वस्तूंना चिकटलं.

5. कान आधी तयार करा

डिसेंबर 2012 मध्ये मी एन-3 ही मधली पातळी दिली. पास व्हायला 180 पैकी 95 लागतात, आणि माझे त्याहून जास्त होते. तरी नापास झाले. प्रत्येक विभागात 60 पैकी किमान 19 लागतात आणि श्रवणात मला 17 होते. मी भाषा डोळ्यांनी शिकत होते, कानांनी नाही. पुढचं वर्षभर बसमधून जाता-येता जपानी बातम्या आणि संवाद ऐकले, आणि 2013 मध्ये ती पातळी पार केली. या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नाही, हेही लक्षात ठेवा. प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे तोंड उघडेल असं नाही. बोलायला माणूस शोधावा लागतो.

6. शब्दकोशातला अर्थ पुरत नाही

शेवटच्या वर्षी आमच्या गटाचा प्रोजेक्ट चाकणच्या एका कारखान्यात होता. आम्ही एका फिक्स्चरमध्ये बदल सुचवला. भेटीला आलेले जपानी तज्ज्ञ सगळं ऐकताना 'हाय, हाय' म्हणत होते, आणि शेवटी म्हणाले, "केन्तो शिमासु." शब्दकोशात अर्थ 'विचार करतो, तपासून पाहतो'. मी गटाला सांगितलं, होकार आहे. आम्ही ड्रॉइंग केलं, भोसरीतल्या वर्कशॉपमधून नमुना करून घेतला. आठ-नऊ हजार रुपये आणि दोन आठवडे गेले. पुढच्या भेटीत त्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, हे कधी ठरलं?

'हाय' म्हणजे 'हो' खरं, पण बोलण्याच्या ओघात त्याचा अर्थ बहुधा 'ऐकतोय' एवढाच असतो, आपलं 'हं... हं' जसं. आणि 'केन्तो शिमासु' हा नेहमीच नकार नसतो, पण होकार तर नक्कीच नसतो. मला हे समजायला हवं होतं, कारण आपल्या घराघरांत 'बघू' हा शब्द आहे. लग्नाच्या स्थळाला 'बघू, कळवतो' म्हटलं की मुलीकडच्यांना जे कळतं, ते मला त्या खोलीत कळलं नाही. चूक माझी होती आणि त्याची किंमत चार मित्रांनी भरली. तेव्हापासून शब्दाआधी मी प्रसंग वाचते: कोण, कोणाला, कोणासमोर बोलतंय.

7. एखादं वर्ष थांबावं लागलं, तर थांबा

दुसऱ्या वर्षी माझे विषय राहिले आणि एटीकेटी लागली. दोन्ही गोष्टी ओढल्या असत्या तर दोन्ही बुडाल्या असत्या. मी डिप्लोमाचा प्रवेश वर्षभर पुढे ढकलला, चाळीस मिनिटं मात्र सोडली नाहीत. वर्ग थांबला तरी भाषा थांबली नाही, म्हणून परत येणं सोपं गेलं. घरच्यांनाही हे आधीच स्पष्ट सांगा: पदवी पहिली, भाषा तिच्या बरोबरीनं, आणि अडचणीत काय थांबेल हे आपणच ठरवलेलं आहे.

8. ही वाट आपल्याकडे जुनी आहे

'एकच काहीतरी नीट कर' हे मी खूप ऐकलं. तेव्हा मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवायचे. हार्वर्डमध्ये शिकून आलेले हे गणितज्ञ आमच्या वर्गापासून चालत जाण्याच्या अंतरावर, फर्ग्युसन महाविद्यालयात, गणित शिकवत. वापरानं झिजलेल्या प्राचीन नाण्यांची वजनं करून त्यांनी संख्याशास्त्रानं त्यांचा कालक्रम लावला, आणि भर्तृहरीच्या शतकांची हस्तलिखितं ताडून 1948 मध्ये चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. पालीचे पंडित असलेले वडील धर्मानंदही कधीकाळी फर्ग्युसनमध्येच शिकवत. त्या घरात गणित आणि भाषा एकाच टेबलावर होत्या. आपण कोसंबी होणार नाही, पण दोन विषयांचा एकमेकांना उपयोग होतो एवढं त्यांच्याकडून घेता येतं.

आमच्या वेळेपेक्षा आज नियमही सोपे आहेत. एप्रिल 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं एकाच वेळी दोन पदव्या शिकायला परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातल्या असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येऊ नयेत, एवढी अट आहे. तेव्हा प्रवेश घेण्याआधी दोन्हीकडची वेळापत्रकं हातात घ्या, वर्गात जाऊन एक तास बसून या, आणि तुमचं स्वतःचं कारण एका ओळीत लिहून ठेवा. ती ओळ लिहिता आली, तर चौकटींची वही आजच विकत घ्या.