स्त्रीचे आजार आणि सरकारी तिजोरी

आजारांवरील संशोधन ही केवळ डॉक्टरांची बाब आहे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु कोणत्या आजाराचा अभ्यास व्हावा, हे प्रयोगशाळेच्या आधी अंदाजपत्रकात ठरते आणि अंदाजपत्रक हा राजकारणाचा विषय आहे. स्त्री व पुरुष यांच्या आरोग्यातील फरक विज्ञानाला उशिरा दिसला, कारण पैसा देणाऱ्यांना तो पाहण्याची निकड वाटली नाही, एवढाच मुद्दा मी येथे मांडणार आहे.

प्रथम अमेरिकेचे उदाहरण घेऊ. १९७७ मध्ये तेथील औषध प्रशासनाने मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावे, असे सुचविले. गर्भाला अपाय होऊ नये हा हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे मुख्यतः पुरुषांवर तपासलेली औषधे स्त्रियांनाही दिली जाऊ लागली. ॲस्पिरिनने हृदयविकार टळतो का, हे पाहणाऱ्या एका गाजलेल्या अभ्यासात २२,०७१ डॉक्टर होते आणि ते सर्व पुरुष होते! तेथील स्त्री-लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा १९९३ च्या कायद्याने सरकारी पैशावरील संशोधनात स्त्रियांचा समावेश बंधनकारक झाला. झोल्पिडेम हे झोपेचे औषध स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते. म्हणून त्यांची मात्रा निम्मी करण्याचा आदेश निघाला, तो थेट २०१३ मध्ये.

आपल्याकडे गोष्ट थोडी निराळी घडली. येथे स्त्रीकडे दुर्लक्ष झाले असे नाही. लक्ष गेले ते तिच्या गर्भाशयापुरते. १९५२ पासून कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला. मुंबईत परळला प्रजनन संशोधनाची संस्था उभी राहिली आणि गर्भनिरोधक साधनांवर तेथे मोलाचे काम झाले. गावोगावच्या भिंतींवर लाल त्रिकोण आला. पण मूल नको असताना आठवणारी स्त्री, तिचे अंग दुखत असताना कोणाला आठवत होती?

या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीने दिले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची चर्चा झाली. पुढे १९९४ च्या कैरो परिषदेत स्त्रीच्या समग्र आरोग्याचा विचार मान्य झाला. आपल्या सरकारने १९९६ मध्ये कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे वरून लादण्याची पद्धत सोडली.

मात्र न मोजलेले अजून पुष्कळ आहे. आमच्या लोणी देवकरच्या परिसरात ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. उचल कोयत्याला, मजुरी कोयत्याला. त्या कोयत्यातल्या बाईचे दुखणे कोणत्या रकान्यात लिहायचे? बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली, तेव्हा कुठे मोजणी झाली. ८२ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. त्या स्त्रिया आदल्या वर्षीही होत्याच. फक्त त्यांची मोजणी झालेली नव्हती.

तेव्हा राजकारण संशोधनात नकोच, असे म्हणून भागणार नाही. राजकारणानेच डोळे झाकले आणि राजकारणानेच ते उघडले. उघडलेले डोळे पुन्हा मिटूही शकतात. एक लाख एकसष्ट हजारांहून अधिक स्त्रियांचा दीर्घकाळ चाललेला आरोग्य-अभ्यास करणाऱ्या केंद्रांचा पैसा बंद करण्याचे अमेरिकन सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले आणि टीका होताच काही दिवसांत निर्णय फिरविला.

म्हणून अंदाजपत्रक जाहीर झाले की, आपण काय स्वस्त व काय महाग एवढेच पाहून वर्तमानपत्र मिटू नये. कोणाच्या दुखण्यासाठी किती पैसा ठेवला आहे, हा प्रश्नही विचारावा. हा प्रश्न विचारण्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. मतदार असणे पुरेसे आहे.