लहान मेंदू व त्याचे काम

पाण्याने काठोकाठ भरलेला पेला आपण उचलतो व एक थेंबही न सांडता ओठांशी नेतो. ह्यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु ह्या एका कृत्यात खांदा, दंड, मनगट व बोटे ह्यांतील अनेक स्नायूंस एकाच वेळी काम करावे लागते. कोणी किती ओढावे, कोणी केव्हा सैल व्हावे, आणि हात ओठांजवळ येताच कोणी त्यास आवरावे, हे सर्व बिनचूक घडून यावे लागते. एकाने जरी किंचित अधिक जोर केला, तरी पाणी अंगावर सांडेल. ही व्यवस्था राखणारा जो भाग, त्यास लहान मेंदू म्हणतात. शास्त्रीय ग्रंथांत त्याचे नाव अनुमस्तिष्क असे आहे. त्याची माहिती ह्या पाठात देण्याचे आम्ही योजिले आहे. ती केवळ कुतूहलासाठी नव्हे. ती नसल्यामुळे आजारी माणसास दारूबाज ठरविले जाते, व उपचाराचा मोलाचा वेळ निघून जातो.

१. रचना

मान जेथे कवटीस मिळते तेथे मागून हात ठेवावा. त्या हाडाच्या आत, मोठ्या मेंदूच्या मागील भागाखाली, लहान मेंदू वसलेला आहे. त्याचे वजन सुमारे १५० ग्रॅम, म्हणजे संपूर्ण मेंदूच्या एक दशांशाइतके असते. परंतु आकारावरून त्याची योग्यता ठरवू नये. २००९ साली ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी केलेल्या मोजणीप्रमाणे, माणसाच्या मेंदूतील सुमारे ८६ अब्ज मज्जापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज पेशी ह्या लहान भागातच आहेत.

त्याचे उजवा व डावा असे दोन गोलार्ध असून मध्ये गांडुळासारखा अरुंद पट्टा आहे. पृष्ठभागावर पुस्तकाच्या पानांसारख्या बारीक घड्या आहेत. तो उभा कापला असता आतील पांढरे तंतू झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरलेले दिसतात. म्हणून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्यांस लॅटिन भाषेत जीवनवृक्ष असे नाव दिले. तंतूंच्या तीन जोड्यांनी तो मेंदूच्या देठाशी जोडलेला आहे. ह्या वाटांनी त्यास तीन ठिकाणांहून वर्दी येते: कोणती हालचाल करावयाची आहे हे मोठ्या मेंदूकडून, हातपाय ह्या क्षणी कसे आहेत हे मज्जारज्जूकडून, आणि शरीराचा तोल कसा आहे हे कानाच्या आतील भागाकडून.

२. काम

लहान मेंदू हालचालीची इच्छा उत्पन्न करीत नाही, व स्नायूंस बळही देत नाही. तो प्रमाण देतो. जे करावयाचे होते व जे घडत आहे, ह्यांची तो तुलना करितो, आणि अंतर आढळल्यास हुकूम सुधारून पाठवितो. चुकांपासून शिकण्याचे कामही त्याचेच. मूल प्रथम पडत धडपडत चालते, व पुढे न पडता धावते, ते पुष्कळ अंशी ह्या सुधारणेमुळे होय.

१८३७ साली पुर्किन्ये नावाच्या बोहेमियातील शास्त्रज्ञाने लहान मेंदूतील काही मोठ्या पेशींचे वर्णन केले. ह्या पेशींस आता त्याचेच नाव आहे. अशा एका पेशीकडे लाखाहून अधिक तंतूंचे संदेश येऊन मिळतात. १९६० नंतरच्या दशकात जपानमधील मासाओ इतो व त्यांचे सहकारी ह्यांनी दाखवून दिले की, ह्या पेशी पुढे जो संदेश धाडितात तो चालना देणारा नसून आवरणारा असतो. हालचालीस जे प्रमाण येते, ते पुष्कळ अंशी अशा आवरण्याने येते.

३. हे कसे कळून आले

१८२४ साली फ्रान्समधील फ्लुरांस ह्यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. लहान मेंदू काढून टाकलेले कबुतर पाहू शके, ऐकू शके, धोका दिसताच तो चुकविण्याची धडपडही करी. परंतु त्यास नीट उभे राहणे, चालणे वा उडणे साधत नसे. इच्छा व बळ कायम होते, मेळ मात्र नाहीसा झाला होता.

पुढे पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स ह्या ब्रिटिश वैद्याने डोक्याच्या मागील भागी गोळी लागलेल्या शिपायांची बारकाईने तपासणी केली, व १९१७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या बाजूचा लहान मेंदू जखमी, त्याच बाजूचा हात बिघडलेला आढळे. तो हात उशिरा हाले, खुणेच्या पुढे जाई, किंवा अलीकडेच थांबे. होम्स ह्यांच्या एका रोग्याचे म्हणणे असे होते की, डावा हात आपोआप चालतो, परंतु उजव्या हाताची प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. जे आपण सहज म्हणून करितो, ते किती श्रमाचे आहे हे ह्यावरून कळेल.

४. विकाराची लक्षणे

असा रोगी पाय फाकून झोकांड्या खात चालतो. नाकास बोट लावावयास सांगितले तर बोट जसजसे जवळ येते तसतसे अधिक कापते. कंपवातात ह्याच्या उलट, हात स्वस्थ असता बहुधा अधिक कापतो. बोलणे अडखळते, अक्षरे ओढल्यासारखी येतात. वाचकांच्या ध्यानात येईल की, हीच लक्षणे मद्य प्यालेल्यातही दिसतात. ह्याचे कारण असे की, मद्याचा परिणाम ह्या भागावर लवकर होतो, आणि वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा मधला पट्टा झिजून त्याची चाल कायमची बिघडू शकते.

परंतु प्रत्येक झोकांडीस मद्य कारण नसते. मेंदूतील गाठ, जीवनसत्त्वाची उणीव, आनुवंशिक विकार, फेपऱ्यावरील काही औषधांची मात्रा अधिक होणे, अशी अनेक कारणे आहेत. क्वचित काही लहान मुलांस कांजिण्या येऊन गेल्यावर काही दिवस चालता येईनासे होते. ते बहुधा बरे होतात, तथापि डॉक्टरांस दाखविलेच पाहिजे. काही कारणे वेळीच ओळखली तर दूर करिता येतात. जी दूर होत नाहीत, त्यांतही शिकविल्याप्रमाणे नित्य व्यायाम केल्याने चालणे सुधारू शकते.

५. आपले कर्तव्य

एखाद्यास एकाएकी भोवळ व वांती होऊन उभे राहता येईनासे झाले, तर पित्त झाले असे म्हणून त्यास निजवून ठेवू नये. लहान मेंदूचा रक्तपुरवठा बंद झाला असण्याचा संभव असतो. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. शिवाय कवटीच्या त्या भागी जागा थोडी असल्यामुळे, सूज आल्यास श्वास चालविणाऱ्या देठावर दाब पडून प्राण जाण्याचे भय असते. ह्यास्तव रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे, व त्रास केव्हा सुरू झाला ती वेळ डॉक्टरांस सांगावी.

आणि जो हळूहळू झोकांड्या खाऊ लागला आहे, त्यास हसू नये. प्रिय वाचकहो, ज्याची चाल बिघडली त्याची बुद्धी व इच्छा बहुधा शाबूत असते. लोक आपणास काय म्हणतात हे तो ऐकत असतो. त्यास नाव ठेवण्यापूर्वी त्यास हात द्यावा, व डॉक्टरांकडे न्यावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. लहान मेंदू स्नायूंस बळ देत नाही, तर काय देतो?
२. डाव्या बाजूचा लहान मेंदू जखमी झाल्यास कोणता हात बिघडेल?
३. एकाएकी तोल गेलेल्या माणसास विलंब न लावता रुग्णालयात का न्यावे?