मोबाईलातील शास्त्र आणि शोधाचा शब्द

नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील खेड्यांत आज पुष्कळ उपदेशकांच्या खिशात पवित्र शास्त्राचे अ‍ॅप असते. त्याचा उपयोग काय करता, असे विचारले तर सकाळी येणारे वचन वाचतो व चार जणांस धाडतो, एवढेच उत्तर बहुधा मिळते. मग कोणी म्हणतो, याहून मोठे, टीकाग्रंथ असलेले अ‍ॅप घेतले पाहिजे. आमचे मत निराळे आहे. जे हाती आहे त्यातील शोधाची सोय नीट वापरता येईपर्यंत दुसऱ्याच्या मागे लागू नये.

उदाहरणादाखल ‘विहीर’ हा एकच शब्द घेऊ. ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथील मनुष्यास या शब्दाची थोरवी सांगणे नको. शोधाच्या चौकटीत तो घातला म्हणजे काही वचने दिसतात. परंतु तेवढ्यावर थांबणाऱ्याच्या हातून बरेच निसटते. कारण मराठीत प्रत्यय लागताच शब्दाचे रूप पालटते. ‘विहीर’ यात ही दीर्घ. ‘विहिरीत’, ‘विहिरीजवळ’ यांत हि ऱ्हस्व. ‘गरीब’ व ‘गरिबांस’ यांचेही तसेच. पुष्कळ अ‍ॅपे केवळ अक्षरे जुळवून पाहतात. व्याकरण त्यांस कळत नाही. म्हणून प्रत्येक रूप निराळे घालून पाहावे. शिवाय १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वी प्रीति, शांति असे लिहीत. आता प्रीती, शांती लिहितात. अ‍ॅपातील भाषांतर जुन्या वळणाचे की नव्या, हे न पाहता शोधणे आणि काही न सापडल्यास शास्त्रात ते नाहीच असे मंडळीस सांगणे, हा मोठाच अविचार होय.

असा शोध केला म्हणजे हागार, रिबका, राहेल, मिद्यानात पळून आलेला मोशे, ही सर्व विहिरीपाशी भेटतात. त्यांतील उत्पत्तीच्या २६व्या अध्यायापाशी मात्र थांबावे. पलिष्ट्यांनी अब्राहामाच्या काळच्या विहिरी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या. पुढे त्याच्या चाकरांस पाणी लागले तेथे गरारचे गुराखी तंटा करू लागले. दोन विहिरी त्याने सोडल्या, तिसरीवर तंटा झाला नाही. त्या तीन विहिरींच्या नावांचे अर्थ भांडण, वैर व ऐसपैस जागा असे आहेत. बांधावरून व पाण्यावरून चाललेली भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस हा अध्याय वेगळी टीका न वाचताही उमगेल.

याच शोधात नीतिसूत्रे ५:१५ हे वचनही हाती येते, आणि येथे सावध राहिले पाहिजे. मनुष्याने आपल्याच विहिरीचे पाणी प्यावे, असे त्यात सांगितले आहे. ते एकटे उचलून कोणी म्हणेल की, ज्याची विहीर त्याचेच पाणी, इतरांनी शिवू नये. आपल्या वाडवडिलांनी पाणवठ्यावर काय सोसले ते घरोघर ठाऊक आहे. महाडास १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो याच अन्यायाविरुद्ध. तेव्हा असला अर्थ मंडळीपुढे जाणे ही लहान गोष्ट नव्हे. सापडलेल्या ओळीवर बोट ठेवून सबंध अध्याय उघडावा. तो विवाहातील एकनिष्ठतेविषयी आहे. विहीर तेथे स्वस्त्रीची उपमा आहे. पाणी कोणी कोणाच्या हातचे प्यावे, हा प्रश्न ज्यास सोडवायचा असेल त्याने योहानाचा ४था अध्याय वाचावा. तेथे प्रभू येशू शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो, आणि तिलाच त्याचे नवल वाटते.

देगलूर-बिलोलीकडे तेलुगू व उदगीर-निलंग्याकडे कानडी जाणणारी कुटुंबे आहेत. काही अ‍ॅपांत दोन भाषांतरे शेजारी शेजारी ठेवता येतात. अशा घरी मराठी शब्द अडला तर दुसऱ्या भाषेतील शब्द आजीस मोठ्याने वाचून दाखवावा; पुष्कळदा तीच अर्थ सांगते.

बाजारच्या गावी रेंज असते तेथेच भाषांतर मोबाईलात उतरवून घ्यावे, म्हणजे वस्तीवर अडत नाही. टिपणे अ‍ॅपात लिहावी, पण मुख्य तेवढी वहीतही उतरावी. मोबाईल हरवतो, बिघडतो, आणि लेकरांच्या हाती लागला तर शनिवारी तयार केलेला उपदेश रविवारी सापडत नाही.