माउली शिक्षा का करते?

भाविक हो, पंढरीच्या देवाला आपण विठाई म्हणतो, माउली म्हणतो. मग पुष्कळ जण आम्हांस विचारतात, 'आई एवढी मायाळू, तर लेकराला दुःख देते कशाला?'

अहो, घरातच पाहा ना. रांगते पोर चुलीकडे निघाले म्हणजे आई आधी हाक मारते. ऐकले नाही तर हात धरते. तरी पोराने हात सोडवून घेतला, तर मात्र पाठीत धपाटा बसतो. पोर रडते खरे, पण भाजत नाही. धपाटा मारणाऱ्या हाताला पोराहून जास्त दुखते.

विठाईचे शासनही असेच पायरीपायरीने येते. मनाची टोचणी ही तिची पहिली हाक. संतसज्जनांचा बोल म्हणजे तिने धरलेला हात. दोन्ही झिडकारले म्हणजे केल्या कर्माचे फळ समोर उभे राहते.

आपल्या पालघर जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीवर कितीतरी घरांच्या चुली पेटतात. पण तिथल्या रसायनी सांडपाण्याने नाले, खाड्या नि नवापूरचा किनारा बिघडला. मासेमारीवर जगणाऱ्या गावांना झळ लागली, तेव्हा अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने १०२ कारखान्यांवर मिळून कोट्यवधी रुपयांची भरपाई बसवली. कोर्टातले पुढचे वाद कायदा जाणणारांनी पाहावेत. आपण धडा घेऊ.

कारखाना कुठलाही असो, घाण पाणी शुद्ध करायला पैसा लागतो. तो खर्चावा की वाचवावा, हे कोणीतरी माणूसच ठरवतो. रात्री पाणी सोडणारा हातही माणसाचाच. त्या वेळी मन चरकते. पण 'साहेबांनी सांगितलंय' म्हणून आपण गप्प बसतो. हाक आली होती, आपण ती ऐकली नाही.

मात्र येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ज्याचे जाळे रिकामे आले, त्या बांधवाने काय पाप केले होते? काहीच नाही. त्याच्या दुःखाला देवाची शिक्षा म्हणणे हा अन्याय आहे. दुसऱ्याच्या कर्माचे फळ त्याच्या दारी आले. म्हणून शेजाऱ्यावर संकट आले की 'भोग आहेत त्याचे' असे म्हणू नये, मदतीला धावावे. कर्माचा हिशेब ज्याने त्याने आपल्यापुरता मांडावा.

तुकोबारायांनी हेच केले. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. दिवाळे निघाले, थोरली पत्नी अन्नावाचून गेली. त्यांनी कोणाला बोल लावला नाही. त्या दुःखातूनच ते विठ्ठलाला अधिक बिलगले. सावकारीच्या खतांतला आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत बुडवला, अशी परंपरा आहे. स्वतः नागवलेल्या माणसाने दुसऱ्याला ऋणातून सोडवले! आईचा मार ज्याला कळला, त्याचे मन असे मऊ होते.

तेव्हा रोज हरिपाठ झाल्यावर क्षणभर स्वतःला विचारू या : आज मन कुठे चरकले, आणि तरी आपण काय केले? तेवढी एक गोष्ट उद्या सुधारू. हाकेसरशी मागे फिरणाऱ्या लेकराला माउली धपाटा कशाला घालील?

॥ राम कृष्ण हरि ॥